दाजी, जैसे थे

दाजी, तुमची-माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या अंगाला धुराचा वास यायचा.

ईट गावाजवळ एका मालकाच्या खव्याच्या भट्टीवर आई आणि दादा, म्हणजे वडील, दोघंही राबायचे. दादा पहाटे सायकलला कॅन बांधून वस्त्यांवरचं दूध गोळा करायचे आणि आई दिवसभर कढईपुढं उभी. दूध आटून खवा होईस्तोवर लांब दांड्याचं उलथनं थांबवायचं नाही. थांबलं की तळाला लागतं, करपतं आणि मग मालकाची बोलणी. शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर ते उलथनं माझ्या हातात असायचं. कॅनच्या कॅन दूध डोळ्यांपुढं आटायचं, आणि घरी चहा कोरा. वर्गातली पोरं मला ‘खवट्या’ म्हणायची. बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. डोळे कायम लाल. गुरुजींना वाटायचं पोरगं रडून आलंय.

आक्काचं लग्न झालं तेव्हा मी चौथीत होतो. जावई फौजेत, म्हणजे आमच्या घरात मोठीच गोष्ट. पहिल्यांदा सासुरवाडीला आलात ते काळी ट्रंक घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. आईनं घोंगडी अंथरली. तुम्ही घोंगडीवर बसलाच नाही. सरळ भट्टीवर आलात आणि आईच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. जावयानं भट्टीला हात लावायचा म्हणजे काय! आई रडायलाच लागली.

“रडायलाव कशाला, आई? फौजेच्या लंगरमधी याच्याहून मोठी कढई हलवलीय म्या,” तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडं बघितलंत. “पाव्हणं, डावा हात बी वापरत जा. उजवा खांदा वर चाललाय तुमचा.”

नऊ वर्षांच्या पोराला ‘पाव्हणं’ आणि ‘तुमचा’. मला त्याआधी कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. आईचाही उजवा खांदा डाव्यापेक्षा वर होता. इतकी वर्षं आम्ही सगळे तिच्यासमोर बसून जेवत होतो आणि कुणाला दिसला नव्हता. तुम्हाला अर्ध्या तासात दोघांचेही खांदे दिसले.

अकरावीला मी सैनिकी कॉलेजात आलो तो तुमच्यामुळं. तुम्ही हवालदार म्हणून फौजेतनं परत आलात आणि त्याच साली तिथं कवायत शिकवायला लागलात. कामावरच्या माणसाच्या घरचा म्हणून माझी फी माफ झाली. ही गोष्ट मी नीट लक्षात ठेवायला हवी होती. पुढं आपल्या भांडणात तुम्ही बोट ठेवलंत ते तिच्यावरच.

पहिल्याच सकाळी मी रांगेतनं तुम्हाला “दाजी!” अशी हाक मारली. बुटाची नाडी कशी बांधायची एवढंच विचारायचं होतं. सोळा वर्षांत पायात बूट पहिल्यांदाच आलेले. तुम्ही माझ्यापुढं येऊन उभे राहिलात. ओळख ना पाळख.

“मैदानावर दाजी कोण न्हाय. उस्ताद म्हणायचं. चार फेऱ्या.”

सुटलेल्या नाडीनं मी चार फेऱ्या मारल्या. त्याचा परिणाम तुम्हाला पाहिजे होता त्याच्या उलटा झाला. दुपारच्या जेवणापर्यंत अख्खं होस्टेल तुमच्या माघारी तुम्हाला दाजी म्हणायला लागलं. लातूरकडची, बार्शीची, कुठली कुठली पोरं मला विचारायची, “काय रं, आपली आक्का बरी हाय का? सणाला आमाला बोलावती का न्हाई?” माझ्या एकुलत्या एका बहिणीला एवढे भाऊ झाले! तुमच्या कानावर ते गेलं होतं, मला ठाऊक आहे. कारण दिवाळीच्या सुट्टीनंतर आक्कानं करंज्यांचा पत्र्याचा डबा पाठवला आणि वर चिठ्ठी, “सगळ्या भावांना.” चिठ्ठीतलं अक्षर तुमचं होतं.

आता त्या शब्दाकडं येतो. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला ‘दाहिने मूड’ असा हुकूम दिलात. आम्ही उजवीकडं वळलो आणि तोंडं भिंतीकडं झाली. झेंडा डावीकडं होता. तुमचा हुकूम चुकला होता. तुम्ही घसा खाकरलात आणि तेवढ्याच करड्या आवाजात म्हणालात, “जैसे थे!”

आम्हाला ते कळलं नाही. निम्मी पोरं भिंतीकडं तोंड करून तशीच उभी राहिली. ‘जैसे थे’ म्हणजे आहे तसंच, हलू नका, असंच आम्हाला वाटलं. मराठीत तसंच म्हणतात ना! मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. तुम्ही आम्हाला विश्राम दिलात आणि रांगेसमोर येऊन सांगितलंत. ते मी आजही शब्दन् शब्द सांगू शकतो.

“हसू नका. हुकूम देणाराला बी चुकता येतं. फौजेत ‘जैसे थे’ म्हंजी, आत्ता दिल्याला हुकूम रद्द. त्याच्या आधी जिथं हुता, तिथं परत या. उस्ताद माफी मागत न्हाय, कारण सांगत न्हाय, ओशाळत बी न्हाय. ‘जैसे थे’ म्हणतो. तुमी बी त्याला हसायचं न्हाय. गुमान पहिल्या जागी यायचं. मग तो नवा हुकूम देतो.”

बारावीनंतर मी भरतीला गेलो. धावण्यात पहिल्या दहांत आलो, छाती भरली, उंची भरली. डोळ्यांना नाकारलं. तपासणाऱ्यानं चार्टवरची खालची ओळ वाचायला सांगितली, मला ती दिसलीच नाही. भट्टीचा धूर असेल, जन्माचं असेल, काय माहीत. तुमच्या गावाच्या, येरमाळ्याच्या स्टँडवर तुम्ही मला घ्यायला आला होता. मी तोंडावर रुमाल धरून बाकावर बसलो होतो.

“आता भट्टीच, दाजी,” मी म्हणालो.

तुम्ही समोरच्या गाड्यावरनं भज्यांचा पुडा आणलात. बाकावर, माझ्या आणि तुमच्या मधोमध ठेवलात. बराच वेळ दोघंही खात राहिलो. मग समोरच्या एसटीकडं बघत म्हणालात, “जैसे थे.”

मी मान वर केली.

“हुकूम माझा चुकला, पाव्हणं. फौज फौज करत दोन वर्सं तुमाला एकाच बाजूला तोंड करून उभं केलं म्या. परत पहिल्या जागी या. आता नवा हुकूम. कॉलेज करा. साधं कॉलेज, आर्टचं का असंना. पर पदवी घ्या.”

मी बी.ए. झालो. तुमच्या आणि माझ्या दोन्ही घरांत पदवी घेतलेला मी पहिला. हे मी कुठंही सांगतो, इथंही सांगतो, मला त्यात कसली लाज नाही. परीक्षा दिली, तहसिलात कारकून झालो. आईला भट्टीवरनं घरी आणलं. पदवीचा कागद मी पहिल्यांदा आईला नाही, तुम्हाला दाखवला. तुम्ही तो वाचला नाही. हात धुऊन आलात, कागद पालथा करून मागची बाजू बघितलीत आणि म्हणालात, “कागद चांगला जाड हाय.”

पण या सगळ्याचं श्रेय मी सैनिकी कॉलेजला देत आलो, आणि इथंच आपलं कधी पटलं नाही.

मी म्हणायचो, त्या कॉलेजानं मला उभं केलं. पहाटे उठायला, ताठ चालायला, चारचौघांत बोलायला मी तिथं शिकलो. तुम्ही म्हणायचा, “कालेजानं न्हाई. आईच्या उलथन्यानं.” हा वाद आपण किती वर्षं घातला! लग्नाच्या पंगतीत घातला, दादांच्या वर्षश्राद्धाला घातला, एकदा तर बैल बघायला गेलो होतो तिथं घातला, आणि विकणारा म्हणाला, “तुमी दोघं आदी एकमेकाला घ्या, बैल मग बघू.” आक्का आपल्याकडं लक्षच द्यायची नाही. तिच्या लेखी ती एक करमणूक होती.

पाच-सहा वर्षांपूर्वी तुम्ही कॉलेजचं काम सोडलंत. कारण विचारलं तर गुडघा म्हणालात. तोच गुडघा घेऊन दुसऱ्या दिवसापासून येडेश्वरीच्या, म्हणजे येडाईच्या डोंगरावर रोज सकाळी भरतीच्या पोरांना पळवायला लागलात. फुकट. पोरी येऊ लागल्या, त्यांनाही पळवलंत. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, “दाजी, कॉलेजसमोर दुकान टाकलं की तुमी!” तुम्ही हसला नाहीत.

मग ईश्वरीची दहावी झाली.

लग्नाला बारा-चौदा वर्षं झाल्यावर, येडेश्वरीला नवस बोलून झालेली तुमची एकुलती एक लेक. तिनं दहावीच्या आधीच ठरवलं होतं, अकरावीला सैनिकी कॉलेज, मग ऑफिसरची परीक्षा. आता तिथं मुलींचीही तुकडी आहे. निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन येरमाळ्याला आलो. मला वाटलं होतं, बापानं आधीच फॉर्म आणून ठेवला असेल. ज्या माणसानं अठरा-एकोणीस वर्षं त्या मैदानावर घालवली त्याचीच लेक ती.

तुम्ही पेढा हातात धरूनच म्हणालात, “तिथं घालायची न्हाई.”

मी म्हणालो, “दाजी, चेष्टा करायलाव काय?”

“चेष्टा न्हाई, पाव्हणं. फी बघितली का आता किती झाली? वर ड्रेस दोन, बूट दोन, मेस निराळी. आणि देतेत काय? जे देतेत ते म्या डोंगरावर फुकट देतोय.”

“मला काय कमी मिळालं तिथं?”

“तुमाला फी माफ हुती. फुकटचा खवा समद्यालाच गोड लागतो.”

आक्का चहा गाळत होती, ती हसली. मी नाही हसलो. मी म्हणालो, शिस्तीची किंमत पैशात करता येत नाही. तुम्ही म्हणालात, मग पैसे का घेतात? मी म्हणालो, पोरगी चार भिंतींबाहेर पडेल, नाहीतर पुढच्या वर्षापासून स्थळं यायला लागतील. तुम्ही म्हणालात, स्थळं आणणाऱ्याला मी डोंगर चढायला लावतो. ईश्वरी दारात उभी होती. ती मधे बोलली, आणि तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा बरं बोलली.

“पप्पा, डोंगरावर तुमी पळायला शिकवता. ऑफिसरच्या मुलाखतीत पळत न्हाईत, बोलतेत. ते मला कोण शिकवणार?”

तिचं उत्तर तुम्ही मला दिलंत. पेढा बशीत ठेवलात आणि हळू आवाजात म्हणालात, “पाव्हणं, प्रवेशाच्या दिवशी गेटवर कदी उभं ऱ्हायलाव का तुमी? म्या ऱ्हायलोय. दरसाल. बाप येतो. कोण टेंपो चालवतो, कोण म्हस इकून येतो. पोराच्या डोक्यावर ती टोपी बघून त्याचं डोळं असं होतेत... आणि बारावी झाली की त्यातली दोन पोरं वर्दीत जातेत, बाकीची टोपी घिऊन घरी. आता तर शिपायाची भरती बी चार वर्साची. त्या बापाला परत तोंड कसं दाखवायचं? कवायत म्या शिकवली, टोपी नीट करायला म्या शिकवली. मला त्या गेटवर आता उभं ऱ्हावत न्हाई.”

हे तुम्ही मला पहिल्यांदाच सांगत होता. इतक्या वर्षांच्या वादात पहिल्यांदा. गुडघा नव्हता तर! तिथं मी थांबायला पाहिजे होतं. पदवीधर माणसाला एवढं कळायला पाहिजे होतं.

मी म्हणालो, “जल्मभर सॅल्यूट ठोकायची सवय लागलीय तुमाला. घरात सॅल्यूट घेणारी निपजली तर भ्या वाटायलंय.”

आक्काच्या हातातली गाळणी तशीच राहिली. ईश्वरी दारातनं आत निघून गेली. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत. म्हणालात, “चहा घ्या. थंड होतोय.”

मी चहा न घेता निघालो.

दहा-बारा दिवस फोन नाही. आपल्यात एवढा खंड कधी पडला नव्हता. आठव्या दिवशी मी फोन हातात घेतला होता, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. घेतला आणि ठेवला. मोठ्यानं आधी करावा, असं वाटलं. मग एका दुपारी कचेरीत तुमचाच फोन आला. टेबलावर बांधाच्या भांडणाची फाईल उघडी होती आणि वरच्याच कागदावर लिहिलं होतं, अंतिम निकाल होईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी. असे कागद मी रोज बघतो. वर्षानुवर्षं बघतोय.

“पाव्हणं,” तुम्ही म्हणालात. घसा खाकरलात. “जैसे थे.”

मला जे ऐकू आलं ते असं: मी माझ्या जागेवरनं हलणार नाही. पोरगी जाणार नाही. आहे ते तसंच राहील.

मी म्हणालो, “जैसे थे तर जैसे थे,” आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर पोरांची फेरी चालू असताना तुम्ही देवळाच्या पायरीवर बसलात. पोरं परत आली तेव्हा शिट्टी तुमच्या ओठांत होती, पण ती वाजणार नव्हती.

दहाव्याला तुमची सगळी पोरं डोंगराखालच्या मोकळ्या जागेत जमली होती. कॉलेजचीही, डोंगराचीही. खुर्चीवर तुमचा फोटो ठेवला होता. तुमचा एक जुना विद्यार्थी फौजेतनं सुट्टीवर आलेला, त्यानं रांगा लावल्या. तुम्हाला शेवटचा सॅल्यूट द्यायचा होता. फोटो रांगेच्या डावीकडं. पोरगा आधीच रडवेला झालेला, त्याच्या तोंडून निघालं, “दाहिने मूड!” सगळी रांग उजवीकडं वळली आणि तोंडं हमरस्त्याकडं झाली. बायकांत कुजबुज झाली. पोरानं घसा खाकरला.

“जैसे थे!”

सगळी रांग एका ठोक्यात परत पहिल्या जागी आली. कुणी हसलं नाही.

दाजी, मी तिथं उभा होतो, तो रांगेतनं आडवा चालत तुमच्या फोटोकडं निघालो. एका पोरानं मला धरलं. लोकांना वाटलं, मेहुण्याचा जीव होता. जीव होताच. पण कारण ते नव्हतं.

तुमच्या हाताखाली शिकलेलो मी. स्टँडवरच्या बाकावर तोच शब्द तुम्ही माझ्यासाठी वापरलात आणि त्याच्यावर माझा सगळा जन्म उभा राहिला. आणि तुम्ही तो दुसऱ्यांदा उच्चारलात तेव्हा मी तो फाईलमधला समजलो. घसा खाकरणं तरी ओळखायचं! हुकूम रद्द करायच्या आधी तुम्ही तसंच खाकरायचा. अख्खं होस्टेल नक्कल करायचं त्याची.

त्याच दुपारी मी आक्काला विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

“आक्का, मला फोन केला त्या दिवशी दाजी काय म्हणाले होते गं?”

“म्हंजी? तुला सांगितलं न्हाई का, बापू?” ती म्हणाली. “सकाळीच फॉर्मवर सही केली की त्यानी. म्हणले, आता पाव्हण्याला सांगतो, लई रुसलाय. मग फोन करून आले आणि गप बसले. म्या म्हणलं, काय म्हणला बापू? तर म्हणले, ‘जैसे थे म्हणला.’ म्या म्हणलं, मग मिटलं ना? म्हणले, ‘मिटलं असंल.’”

मिटलं असंल. तुम्ही माझं वाक्य तुमच्या अर्थानं घेतलंत का, दाजी? तुम्हाला वाटलं का, की मीही माझं बोलणं मागं घेतलं? तसं वाटलं असेल तर बरं. पण ‘असंल’ म्हणालात. ‘मिटलं’ नाही म्हणालात. तो एक शब्द मी रोज उलटसुलट करून बघतो.

आक्कानं मग राहिलेलं सांगितलं. माझ्या भांडणानंतर आठवड्याभरानं तुम्ही एक दिवस एसटी धरून एकटेच कॉलेजवर गेलात. आत गेला नाहीत. कंपाउंडबाहेर लिंबाखाली उभं राहून मुलींच्या तुकडीची कवायत बघितलीत. घरी आलात, आक्काकडं पाणी मागितलंत आणि म्हणालात, “पोरी ‘थम’ला एकाच ठोक्यात थांबतेत. समद्या टाचांचा मिळून एक आवाज. माझ्या पोरांचा कदी न्हाई आला असा.” एवढंच. माझ्या एकाही मुद्द्यानं तुम्ही हलला नव्हता, आणि माझ्या त्या घाणेरड्या वाक्यानंही नाही. चांगलं काम बघितलंत आणि हुकूम बदललात. हे कळल्यावर मला जरा श्वास घेता आला.

सही करताना तुम्ही ईश्वरीला एक अट घातलीत, हेही आक्कानंच सांगितलं. तिथं जे पैसे देऊन शिकशील ते सुट्टीत येऊन डोंगरावर फुकट शिकवायचं. बोलणंसुद्धा. ती ‘व्हय’ म्हणाली होती.

प्रवेशाच्या दिवशी मी तिला घेऊन गेलो. मुद्दाम गेटवर उभा राहिलो. तुम्ही उभे राहायचा तिथं. तामलवाडीचा एक माणूस लेकीला घेऊन आला होता, टेंपो चालवणारा. पोरीच्या डोक्यावर टोपी बसवली तेव्हा त्याचे डोळे... तुम्ही म्हणालात तसेच झाले. माझा इस्त्रीचा शर्ट बघून त्याला मी कॉलेजचा कुणी वाटलो असेन. त्यानं विचारलं, “सायेब, हुईल ना पोरगी ऑफिसर?”

वर्षानुवर्षं मी या प्रश्नाला ‘होणारच’ म्हणत आलोय. पंगतीत, वर्षश्राद्धाला, बैलांच्या बाजारात. त्या दिवशी तोंडातनं निघेना. मी म्हणालो, “शिकंल. पुढचं तिच्या हातात. न्हाईच झालं तर परत हुबी ऱ्हाईल, तुमी तेवढं तिला हसू नका.” त्याला ते फारसं आवडलं नाही. मान हलवून गेला.

म्हणजे तुमचंच निम्मं माझ्या तोंडून निघालं. आणि माझं निम्मं तुमच्या सहीतनं. तरी वाद मिटला असं मी म्हणणार नाही. एवढ्या पैशात गावोगाव चांगली मैदानं झाली असती, हा तुमचा मुद्दा मला अजून खोडता येत नाही. आणि भट्टीवरच्या खवट्याला बुटाची नाडी बांधायला मैदान नुसतं असून भागत नाही, तिथं कुणीतरी उस्ताद लागतो, हा माझा मुद्दा तुम्हाला खोडता आला नसता. खोडायला तुम्ही आता नाही. समोरच्या खुर्चीवर कुणी नसताना जिंकण्यात काही राम नाही, दाजी. बैलवाला खरं बोलत होता.

नागपंचमीला आक्काकडं आलो तेव्हा सकाळी डोंगराखालच्या त्या जागेत एकटाच जाऊन उभा राहिलो. चाळिशीला टेकलेला कारकून, पोट सुटलेलं, पायात चप्पल. सावधान झालो. उजवा खांदा आपोआप वर गेला, तो खाली पाडला. आणि त्या दिवशी तुमच्या घरात बोललेल्या सॅल्यूटच्या वाक्यासाठी, माफी न मागता, कारण न सांगता, तुम्ही शिकवलंत तसं म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. पायऱ्यांवर नारळ विकणाऱ्या बाईनं वळून बघितलं.

उस्ताद, जैसे थे.

पंचमीच्या सुट्टीत ईश्वरी दोन दिवस घरी आली होती. दोन्ही सकाळी डोंगरावर पोरं-पोरी पळाली, आणि शिट्टी तिनं वाजवली.